रेकॉर्डर घ्यायचाय?

शॉर्टफिल्म करणारी मंडळी कॅमेरा आणि लेन्सवर लाखभर रुपये सहज उधळतात, रेकॉर्डरची वेळ आली की मात्र ‘स्वस्तात काय बसेल?’ सुरू. मग दुकानदार 96 आणि 192 किलोहर्ट्झचे आकडे तोंडावर फेकतो. ते मनावर घेऊ नका. सिनेमाला 48 किलोहर्ट्झ, 24 बिट पुरतं. खोदून विचारायचं ते प्रीॲम्पबद्दल, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या भागाबद्दल. झूम कंपनीच्या जुन्या एच4एन रेकॉर्डरनं कितीतरी नवख्यांना तारलं, पण हळू बोलण्याचा प्रसंग आला, गेन चढवला, की संवादाखाली बारीक ‘सूंऽऽ’ सुरू व्हायचं. त्याच कंपनीचा 2022चा एफ3 तळहातावर मावतो, 32 बिट फ्लोटमध्ये नोंदवतो आणि त्याला गेनचं बटणच नाही. कुजबुज आणि किंकाळी एकाच टेकमध्ये आली तरी एडिटला बसून वरखाली करता येते. कॅमेरा, दिग्दर्शन आणि चहापाणी एकट्यानंच बघणाऱ्याला हे वरदानच. पण त्यात एक्सएलआरच्या जागा दोनच; चार पात्रांना चार कॉलर माइक लावणार असाल तर मोठं यंत्र बघा. आणि खोली घुमत असेल किंवा माइक तोंडापासून सहा फुटांवर असेल, तर फ्लोटसुद्धा हात टेकतो. म्हणून थोडे पैसे बूम, बंदिस्त हेडफोन आणि जादा सेलसाठी राखा. फ्रीजची घरघर तर फुकटात जाते: प्लग काढायचा आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची, म्हणजे प्लग परत लावल्याशिवाय कोणी घरी जात नाही.