बाष्पक, बाष्पित्र आणि अंगणातला बंब

बॉयलरला मराठीत काय म्हणायचं? सरकारी संचालनालयाच्या पाटीवर 'बाष्पके', मराठी विश्वकोशात 'बाष्पित्र'. भोर तालुक्यातल्या आमच्या भोंगवलीतून नीरेपलीकडे शिरवळच्या कारखान्यांत जाणारी पोरं यातलं काहीच म्हणत नाहीत. ती बॉयलर म्हणतात, आणि त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढं.

दिवाळीत शेजारचा एक मुलगा बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची वही घेऊन आला. "दादा, फायर ट्यूब आणि वॉटर ट्यूबमधला फरक सांग." मी सॉफ्टवेअरमध्ये असलो तरी पदवी मेकॅनिकलची. लँकेशायर १८४४चा, बॅबकॉक-विल्कॉक्स १८६७चा, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. दहा मार्कांची आकृतीही काढली. त्याला ढिम्म कळेना. त्याची आजी तांब्याच्या बंबात ढलप्या सारत होती. म्हणाली, "ह्याच्यावानीच का?"

ह्याच्यावानीच! मधल्या नळीत जाळ आणि धूर, भोवती पाणी, ही झाली फायर ट्यूब. बंबाला अशी एकच नळी, बॉयलरला पुष्कळ. उलट नळीत पाणी आणि बाहेरून जाळ, ती वॉटर ट्यूब. फक्त बंबातली वाफ मोकळी सुटते, बॉयलरमधली कोंडलेली असते.

आणि तिथंच जीव जातो. फायर ट्यूबच्या पोटात पाण्याचा मोठा साठा असतो. कवच फाटलं तर त्या तापलेल्या पाण्यातलं बरंचसं क्षणात वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. पाणी नसताना बंब पेटवला तर नळी जाते, हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. बॉयलरमध्येही पाणी उतरून नळ्या उघड्या पडल्या की लोखंड मऊ पडतं; तेव्हा घाबरून गार पाणी सोडायचं नसतं, आधी जाळ बंद करायचा. पोराच्या वहीत याचं 'लो वॉटर लेव्हल' एवढंच होतं. पाठ होतं, कळलेलं नव्हतं.

"नोकरी इंग्रजीतच करायची आहे ना?" म्हणणाऱ्यांनो, इंग्रजी शब्द त्याला येतच होते. आणि 'अग्निनलिका बाष्पित्र' लिहून मराठी वाचवणाऱ्यांनो, तुम्ही त्याला आणखी एक परकी भाषा दिलीत. शब्द कुठलाही ठेवा, पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर बंबाचं चित्र का नाही? चार वर्षांत एकाही सरांना बंब आठवला नाही. मलाही नाही, आणि मी त्याच पाण्यानं अंघोळ करून परीक्षेला जायचो.

वही मिटताना पोरानं विचारलं, "मग साखर कारखान्यातला कुठला?"

"वॉटर ट्यूब. चिपाडावर चालतो."

"पाहिलायस?"

"नाही."