थोडक्या शब्दांची प्रार्थना

आजाऱ्याच्या उशाशी उभं राहून पाव-पाव तास प्रार्थना करणारी माणसं आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण खाटेवरच्या माणसाला त्या वेळी इतके शब्द पेलवत नाहीत. वेदना, औषधांची गुंगी, बिलाची काळजी आणि दाराशी ताटकळणारी मुलं, एवढ्या सगळ्यांतून त्याच्या तोंडून फार तर ‘प्रभू, सोबत राहा’ निघतं. आता उपवासकाळ सरत आला असताना एवढंच सांगायचं आहे, की त्या दोन-तीन शब्दांत प्रार्थना पुरी होते.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. लूकच्या अकराव्या अध्यायात ती त्याहूनही आटोपशीर आहे. सावकाश म्हटली तरी मिनिटाच्या आत संपते. पित्याला हाक, त्याच्या इच्छेला होकार, भाकर, क्षमा आणि वाइटापासून सुटका. भाकर मागायची तीही आजच्यापुरती. घरात दीर्घ आजारपण असलेल्या माणसाला या ‘आज’चं मोल चांगलं कळतं. पुढचे सहा महिने कसे निघतील याचा विचार केला की छाती दडपते, पण आजचा दिवस निघू शकतो. लाटांत बुडणाऱ्या पेत्राने तर एका दमात ‘प्रभू, मला वाचव’ अशी हाक मारली, आणि तेवढ्यावर येशूने हात पुढे केला.

साध्या प्रार्थनेत बळ असतं असं म्हटलं, की लगेच पंडिता रमाबाई आठवतात. येत्या ५ एप्रिलला त्यांची पुण्यतिथी. संस्कृतवर त्यांचं असं प्रभुत्व होतं की कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पण त्या गौरवाच्या आधी दुष्काळ होता. तीर्थयात्रा करत पायी हिंडणाऱ्या त्या कुटुंबातले आईवडील त्यात गेले, तेव्हा रमाबाई अजून विशीतही आल्या नव्हत्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले आणि रमाबाईंच्या कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा उरली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायच्या इच्छेने, पण ऐकू कमी येऊ लागल्याने तोही मार्ग बंद झाला.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी त्यांचे प्रश्न संपले नाहीत. त्या देशातल्या धर्मभगिनींशी आणि शिक्षिकांशी त्यांनी धर्मसिद्धान्तांवर जो वाद घातला, तो त्यांच्या पत्रांतून आजही वाचायला मिळतो. मनाला निवांतपणा लाभायला आणखी बरीच वर्षं जावी लागली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. श्रद्धा डळमळते म्हणून अपराधी वाटून घेणाऱ्या वाचकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. प्रश्न विचारणारं मन प्रार्थना करू शकतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ आणि विधवा मुली घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शेकडो मुलींच्या जेवणाची जबाबदारी शिरावर असताना ‘आजची भाकर दे’ हे मागणं पाठांतराचं राहत नाही. ते रोज सकाळी कोठीच्या दारात उभं राहतं. तिथे प्रार्थना होत होती, आणि त्याच आवारात शेती, विणकाम, स्वयंपाक आणि छपाईही होत होती. एवढी मोठी विदुषी, पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं, ते खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत. ते चालू असतानाच १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, संस्थेचा उजवा हात. रमाबाईंनी काम सोडलं नाही. १९२२ मध्ये त्यांचा अंत झाला आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं.

मनोरमा वाचावी म्हणून आईने प्रार्थना केली नसेल का? तरी लेक वाचली नाही. म्हणूनच गावोगावच्या चमत्कार-सभांबद्दल मला कडक बोलायचं आहे. व्यासपीठावरून आजार पळवून लावण्याची हमी द्यायची, गोळ्या बंद करायला सांगायचं, आणि माणूस दगावला की ‘विश्वास कमी पडला’ असं त्याच्या बायकोला ऐकवायचं, हे क्रौर्य आहे. याला सुवार्ता म्हणू नये. गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं. मत्तय सांगतो की तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द उच्चारले. नवे शब्द शोधले नाहीत. प्याला टळला नाही. पण तो उठला, झोपलेल्या शिष्यांना उठवलं आणि त्याला धरायला येणाऱ्यांना सामोरा गेला. प्रार्थनेने दिलेलं बळ ते हेच: उठून पुढचं पाऊल टाकण्याचं.

हे बळ बरेचदा एकट्याचं नसतं. वसईच्या ख्रिस्ती घरांतून तिन्हीसांजेला रोझरीची माळ म्हटली जाते. अहिल्यानगरकडच्या (पूर्वीच्या अहमदनगरकडच्या) कुटुंबांत ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली रेव्हरंड टिळकांची पदं म्हटली जातात. लहानपणी ऐकून ऐकून हे शब्द जिभेवर बसतात. पुढे कधी दुःखाने मन रिकामं झालं, की तेच आधार देतात. नातवंडांची नावं विसरलेली म्हातारी माणसं प्रभूची प्रार्थना शेवटपर्यंत बिनचूक म्हणताना मी पाहिली आहेत. आणि ज्याला तेही जमत नाही, त्याच्या वतीने शेजारी बसलेल्याने ती म्हणावी. मंडळी असते ती यासाठीच.

पवित्र आठवडा तोंडावर आला आहे. तुमच्या मंडळीत कोणाच्या तरी घरी आजार असेल, कोणाची नोकरी गेली असेल, कोणाचं माणूस नुकतंच गेलं असेल. त्यांच्याकडे जा. उपदेश करू नका, कारणं सांगू नका. प्रभूची प्रार्थना त्यांच्यासोबत एकदा सावकाश म्हणा. निघताना दुसऱ्या दिवशीचा डबा कोण आणणार आणि दवाखान्यात सोबत कोण जाणार, हे ठरवूनच उठा.