रेशन सगळ्यांना सारखं नसतं

सध्या मुक्काम कडकोळ, म्हैसूरहून नंजनगूडच्या वाटेवरचं कारखान्यांचं गाव. एनसीसीच्या पोस्टिंगवर आहे, खोली इथेच घेतली. शेजारी बिहारचं कुटुंब राहतं. वडील कारखान्यात, मुलगी दहा वर्षांची. सरकारी शाळेत जाते, पण कन्नड येत नाही. दिवसभर गप्प बसून परत येते. तिचे मेष्ट्रु, म्हणजे गुरुजी, भला माणूस. पण भरल्या वर्गात एकटीसाठी वेळ कुठून काढणार?

तिला पाहिलं की बीडकडचं माझं गाव आठवतं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आणि वर्ग रिकामा व्हायचा. पाचसहा महिन्यांनी परतलेली पोरं पाढेही विसरलेली असायची. बाकी वर्ग पुढे गेलेला.

आता पैशाचा हिशेब बघा. समग्र शिक्षा योजनेत शाळेचं वार्षिक अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. शिक्षकही पटावरच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. पटावर कोण आहे, घरी कोणती भाषा बोलतं, वर्षातून किती महिने गावात असतं, याला या हिशेबात जागा नाही.

फौजेत असं चालत नाही. सियाचिनवरच्या जवानाला वेगळे कपडे, वेगळं रेशन मिळतं. पीस स्टेशनवर बसून आम्ही कधी म्हटलं नाही की त्याचे लाड होतात. जवान तोच, पण उंची वेगळी.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी याच योजनेत वर्षाला 3500 रुपयांपर्यंत वेगळी तरतूद आहे. मग भाषेची, स्थलांतराची अडचण असलेल्या मुलासाठी का नको? नेदरलँड्सने 1985 मध्येच कमी शिकलेल्या पालकांचं मूल एकाऐवजी सव्वा धरून प्राथमिक शाळांना शिक्षक द्यायला सुरुवात केली.

कोणी म्हणेल, खोटी नावं लागतील. लागतील काही. पण रेशनमध्ये चोरी होते म्हणून लंगर बंद करत नाहीत, तपासणी कडक करतात. शिवाय महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी पत्रक देतात, म्हणजे नोंद करायची पद्धत आहेच. त्या नोंदीला पैसा जोडा, आणि तो त्या मुलावरच खर्च झाला का ते विचारा.

संध्याकाळी मी आणि ती पोरगी मिळून कन्नड अक्षरं गिरवतो. माझ्या चुका बघून हसते, "फौजी अंकल, गलत" म्हणते. पण माझी बदली कधीही येईल. तिला शाळेतच रोज तासभर भाषा शिकवणारं माणूस हवं, आणि त्याचा पगार शाळेच्या हिशेबात हवा. शेजाऱ्याच्या पोस्टिंगवर तिचं शिक्षण अवलंबून राहू नये.