अडगळ म्हणून जुनी गाडी देऊ नका

राजेहो, जुन्या गाड्या जमवायचा शौक पुण्या-मुंबईचा वाटतो, पण त्याचा माल आपल्यासारख्या जिल्ह्यांतून जातो. गोठ्यामागं, जिनिंगच्या आवारात, गॅरेजच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली जीप किंवा ट्रक. घेणारा येतो, 'अडगळ मोकळी करून देतो' म्हणतो आणि किलोवर भाव करतो. तीच जीप रंगरंगोटी होऊन शौकिनाच्या दारात लागली की आकडा लाखांत जातो.

भाव का वाढला, हे समजून घ्या. जुन्या गाड्या नव्यानं बनत नाहीत, मागणारे मात्र वाढले. त्यात जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम केला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा खासगी चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. 'व्हीए' मालिकेचा नंबर, फी २० हजार, मुदत दहा वर्षं. म्हणजे मूळ इंजिन आणि धड कागद यालाच किंमत आली. आपल्याकडं पेट्रोल परवडत नाही म्हणून कित्येकांनी जीपचं इंजिन काढून डिझेल बसवलं, जुनं भंगारात दिलं. कागदांचंही तेच. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधीची नोंद अकोल्याची, ती शोधायला कोण जातो?

ट्रकचं तर अजून वाईट. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझसोबत जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. १९६९ ला करार संपेपर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा होता. आपल्या राज्यात कुर्ल्याच्या प्रीमियरचे डॉज आणि फार्गो होते. आज असा धड ट्रक सापडणं मुश्कील, कारण ट्रक ही कमाईची वस्तू. चालला तोवर ओढला, थांबला की कापला. व्हिंटेजच्या नियमात मालवाहू ट्रकला जागा नाही. उलट १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या ट्रकच्या फिटनेसची फी १,५०० वरून १२,५०० झाली. जतन करायचं म्हटलं तरी ते परवडायचं कोणाला?

शौकिनांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळं काही गाड्या तरी वाचल्या. पण वाढलेल्या भावातला वाटा ज्याच्या दारात गाडी पन्नास वर्षं उभी होती, त्यालाही मिळाला पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. आरसी बुक, विम्याचे जुने कागद, काढलेलं इंजिन, काहीच फेकू नका. पहिल्या गिऱ्हाइकाला गाडी देऊ नका, दोन-चार ठिकाणी भाव विचारा. आणि फॉर्म २९, ३० भरून नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नका. नोंदीत नाव तुमचं असेल अन् पुढं अपघात झाला, तर भरपाईसाठी नोटीस तुमच्याच दारात येते.

सरकारकडं मागणी एकच. धंद्यात न वापरता जपलेल्या ट्रकलाही व्हिंटेजची मान्यता द्या. आणि आपल्या बाजार समित्यांनी एखादा जुना ट्रक आवारात उभा करून ठेवावा. या जिल्ह्याचा माल बाहेर कशावर गेला, हे पोरांना दिसू द्या.

तुमच्या गावात अशी गाडी उभी असेल तर फोटो टाका. मालकाचं नाव-पत्ता मात्र टाकू नका, भाऊ. भंगारवालेही ही पोस्ट वाचतात.