बापाचा कडकडीत उपास

'याची काय आज संकष्टी आहे का रे?' गेल्या महिन्यात आईनं माझ्या फिशटँकसमोर उभं राहून विचारलं. साहेबांनी सलग पाच दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. साहेब म्हणजे माझा बांगाई कार्डिनलफिश. जेमतेम 8 सेंटिमीटरचा. चंदेरी अंग, काळे पट्टे, पांढरे ठिपके. एकदम डिझायनर पीस!

गालही फुगलेले. म्हटलं, गेला हा! औषधाची बाटली उघडणार, तेवढ्यात त्यानं तोंड किंचित उघडलं. आत नारिंगी मण्यांचा झुबका. अंडी!

मग नाइट शिफ्टनंतर झोप सोडून वाचत बसलो. या माशांत अंडी घातली की आई मोकळी. बाप ती तोंडात सांभाळतो. सुमारे 20 दिवसांनी पिल्लं निघतात, तरी आणखी आठ-दहा दिवस तोंडातच. महिनाभर बाप उपाशी! आपण पॅटर्निटी लीव्हसाठी बॉसपुढे घुटमळतो, आणि हा...

पण याच मायेनं त्याचा घात केलाय. बहुतेक प्रवाळमाशांची पिल्लं सुरुवातीला प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात, नव्या जागी वस्ती करतात. यांची बापाच्या तोंडातून बाहेर पडतात ती घराशेजारीच, सी-अर्चिनच्या लांब काळ्या काट्यांत लपतात. त्यामुळे मूळ मुक्काम फक्त इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवती. एका ठिकाणचे मासे उपसले, तर शेजारच्या बेटावरून भरपाई होत नाही.

आणि उपसले तर खूपच. 1933मध्ये नोंद झालेला हा मासा 1994मध्ये जेराल्ड ॲलन या शास्त्रज्ञाला पुन्हा सापडला, आणि जगभरच्या हौशी मंडळींना त्याचं वेड लागलं. 2000च्या दशकात वर्षाला 6 ते 9 लाख मासे पकडले जात, असा अभ्यासकांचा अंदाज. 2007मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत त्याचं नाव 'धोक्यात' म्हणून लागलं.

गंमत म्हणजे हा टँकमध्ये सहज वाढतो. पिल्लं बाहेर येतात तीच तयार, पहिल्याच दिवसापासून ब्राइन श्रिंप मटकावणारी. म्हणजे समुद्रातून ओरबाडायची गरजच नाही! मग माझी जोडी कुठून आली होती? खरं सांगू? घेताना मी फक्त भाव विचारला होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी टँकमध्ये ठिपकेच ठिपके. वेगळ्या डब्यात काढली, मोजली. सतरा! करंगळीच्या नखाहून लहान, पण पट्टे अगदी बापासारखे. संध्याकाळी बापानं हादडून खाल्लं. 'सुटला बाई उपास,' आई म्हणाली.

शनिवारी दुकानात गेलो. 'दादा, तुमचे बांगाई समुद्रातले की टँकमध्ये वाढवलेले?'

तो गोंधळला. 'साहेब, असं आजवर कुणी विचारलंच नाही.'

मीही नव्हतं विचारलं. आता दर वेळी विचारतो.