मागच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलावं का?



मागच्या पंधरवड्यात आपल्या एका सभासदाचा टेंपो पहाटे केलगेरीहून कटला, रोहू भरून निघाला. हुबळीच्या वाटेवर मागच्या चाकातून धूर यायला लागला. बेअरिंग गेलं होतं. गाडी उभी राहिली, बर्फ वितळला आणि माल पडेल त्या भावात द्यावा लागला. तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आहे, की हे काम घरी करता येतं का? गॅरेजची मजुरी परवडत नाही, आणि मेस्त्री दोन दोन दिवस गाडी ठेवून घेतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. अर्धं काम घरी करावं, अर्धं करू नये.

आधी दुखणं ओळखायला शिका. वेगाबरोबर वाढणारा घुं-घुं आवाज येतो. गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग गेलेलं असतं. चाक उचलून वर-खाली हलवून बघा, खटखट लागते का. प्रवासानंतर एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापतो का, तेही बघा. ड्रमच्या आत तेल दिसलं तर सील गेलं समजा. ते तेल लायनरवर उतरलं की ब्रेक लागत नाही.

आपल्यातल्या बऱ्याच लहान गाड्यांत बेअरिंग एक्सलच्या दांड्यावर दाबून बसवलेलं असतं, त्यामागे लोखंडी कॉलर असते. हे दोन्हीच दांड्याला आत धरून ठेवतात. ते सुटले तर दांडा चाकासकट बाहेर सरकतो. म्हणून "अजून आठवडाभर चालेल" हे बोलणं सोडा.

घरी काय करायचं? सपाट जागा बघा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, कारण ड्रम काढताना मागचा हँडब्रेक सोडावा लागतो. नट जमिनीवर असतानाच सैल करा. गाडी उचलली की एक्सलखाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. मग चाक, ड्रम आणि प्लेटचे नट काढून दांडा पुलरने ओढून घ्या. इथपर्यंत आपली पोरं करू शकतात.

पुढचं काम लेथवाल्याच्या प्रेसवरच करा. हे मी माझ्या चुकीवरून सांगतोय. मी एकदा घरीच हातोड्याने ठोकून बेअरिंग बसवलं. बाहेरच्या कडीवर घाव बसले की आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. तीन महिन्यांत पुन्हा तोच आवाज सुरू झाला. बेअरिंगचे पैसे दोनदा गेले. नवं बेअरिंग आतल्या कडीवर दाब देऊनच बसवायचं. जुनी कॉलर गॅसने कापू नका, दांड्याचा कस जातो. कॉलर आणि सील नवीनच घाला. बेअरिंग पक्क्या बिलावर घ्या. हौसिंगवरची हवेची नळी साफ करा, ती तुंबली की आतला दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो. शेवटी गिअर ऑइल भरा आणि थोडं चालवून नट पुन्हा आवळा.

आता मूळ कारणाकडे येतो. आपण माल चढवायला गाडी उलटी घेऊन तळ्यात घालतो, चाकं अर्धी पाण्यात जातात. प्रवासाने तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस धुपतं, गंज चढतो. बोटी ओढणाऱ्या ट्रेलरचं दुखणं जगभर हेच आहे. त्यात बर्फाच्या पेट्यांचं पाणी वरून ठिबकत राहतं. म्हणून गाडी काठावरच थांबवा आणि टोपल्या हाताने वाहा. दहा मिनिटं जास्त जातील, जाऊ द्यात.

काही जण म्हणतील, सोसायटीचं काम मासे विकणं आहे, गॅरेज चालवणं नाही. बरोबर आहे. पण माल बाजारात पोचलाच नाही तर विकणार काय? प्रत्येकाने पुलर घेण्यापेक्षा सोसायटीने एक पुलर आणि चार घोड्या घ्याव्यात, वहीत सही करून सभासदांनी न्याव्यात, असं मला वाटतं. जाळं आपण सगळे मिळून ओढतो, मग अवजार का नको?

हा विषय पुढच्या बैठकीत मांडतो. पटत नसेल तर इथेच खाली लिहा. आणि आज गाडी धुताना मागची दोन्ही चाकं एकदा हलवून बघा.

आपला,
सचिव