हिवाळी सुटी आणि प्रवाळाचे मुद्दल

डिसेंबर ते एप्रिल हा काळ मालदीव आणि लक्षद्वीप या दोन्ही द्वीपसमूहांत तुलनेने कोरडा असतो. या हिवाळी उन्हाचा ग्राहक एके काळी प्रामुख्याने युरोपीय होता. आज तो मुंबई-पुण्याचाही आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अनुदार उद्गार काढले आणि सुटीचे ठिकाण निवडणे हा एकाएकी राष्ट्राभिमानाचा विषय झाला. २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्यांत दोन लाखांहून अधिक भारतीय होते. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे एक लाख तीस हजारांवर आली. हा रोष समजण्यासारखा आहे. परंतु ज्या प्रवाळाच्या जिवावर ही सुटी उभी आहे, त्याची किंमत कोण मोजतो, हा मूळ प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

प्रवाळभित्ती लाटांचा जोर मोडते, मासळीला आसरा देते. किनाऱ्याची शुभ्र वाळूही तिच्याच झिजेतून येते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ते मुद्दल आहे आणि पर्यटन हे त्यावरील व्याज. १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा मालदीवच्या उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळ मेले. २०१६ मध्ये पुन्हा तोच आघात झाला, तर एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक प्रवाळ-विरंजन जाहीर केले. समुद्राच्या तापमानावर या बेटांची सत्ता चालत नाही. म्हणूनच सांडपाणी, गाळ आणि नांगर यांवर, म्हणजे जे हाती आहे त्यावर, नियंत्रण ठेवणे अधिक अगत्याचे ठरते.

मालदीवमध्ये १९७२ साली पहिले विश्रामधाम निघाले आणि पुढे ‘एक बेट, एक विश्रामधाम’ ही रीत रूढ झाली. वीज, पाणी व सांडपाणी यांची व्यवस्था ज्याची त्याने करावयाची, हा या रीतीचा गुण. मात्र खाजणातील वाळू उपसून नवी जमीन घडवण्याचा मोह त्या देशाला आवरलेला नाही. जानेवारी २०२५ पासून विश्रामधामांतील हरित कर माणशी दर रात्री सहा डॉलरवरून बारा डॉलर झाला; पण जेथे खोलीचे भाडेच शेकडो डॉलर आहे, तेथे एवढ्याने कोणाचा हात आखडणार?

लक्षद्वीपची गोष्ट निराळी. छत्तीस बेटांची जमीन अवघी बत्तीस चौरस किलोमीटर. वस्ती दहा बेटांवर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या चौसष्ट हजारांवर. गोड्या पाण्याचा पातळ थर प्रवाळी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की तोही खारावतो. येथे प्रवेशाला परवाना लागतो, जहाजांत व विमानांत जागा मोजक्याच असतात. पर्यटन-व्यावसायिक याला अडथळा म्हणतात. वस्तुतः जी वस्तू वाढवता येत नाही तिच्या मागणीला घातलेली ती मर्यादा आहे. सुहेली व कदमत येथे पाण्यावरील कुट्यांसह विश्रामधामे उभारण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली आहे. ही मर्यादा टिकेल की नाही, याची कसोटी आता तेथेच लागेल.

तेव्हा प्रवाशाने कोणत्या देशाचे बेट निवडावे यापेक्षा काय विचारून निवडावे, हे महत्त्वाचे. सांडपाणी कोठे जाते? नावा प्रवाळावर नांगर टाकतात की कायमच्या बोयांना बांधल्या जातात? पाणी कोठून येते? मिळकतीचा वाटा स्थानिकांच्या हाती किती पडतो? ही उत्तरे न देणाऱ्या विश्रामधामाचे स्वस्त भाडे स्वस्त नसते. उरलेली रक्कम बेटावर राहणाऱ्यांच्या खात्यावर पडते. देशप्रेमाने लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी तर हे आधी ध्यानात घ्यावे, कारण तेथे खर्ची पडणारे मुद्दल आपलेच आहे.